मामंजींची धुतलेली बुचं

आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, हुंगल्याशिवाय घरात काही येऊ देत नसत. भाजी हुंगायची, तांदूळ हुंगायचे, पोस्टमनने दिलेलं कार्ड आधी हुंगायचं आणि मग वाचायला चष्मा शोधायचा. लग्न होऊन मी आचऱ्याला आले, माप ओलांडून आत पाऊल टाकलं, तोच ओटीवरून आवाज आला, "सुनेच्या ट्रंकेक डांबराच्या गोळ्यांचो वास येता. भायर ठेवा ती." माझ्या माहेरची माणसं अजून खळ्यात, म्हणजे अंगणातच, उभी होती. त्यांच्या देखत माझी ट्रंक उचलून उन्हात ठेवली गेली, आणि मी नवी नवरी दोन दिवस सासूबाईंच्या जुनेरात वावरले. त्यांची माझी ओळख झाली ती अशी. पुढे ती फार सुधारली असं म्हणवत नाही.

गावात त्यांना सगळे 'वैद्यानू' म्हणत. हाताला गुण होता, उगाच खोटं कशाला बोलू? आजूबाजूच्या गावांतून माणसं येत. मामंजी नाडी धरत, पण त्यांचा भरवसा नाडीवर नव्हता, नाकावर होता. रोग्याला तोंड उघडायला लावून ते पुढे वाकत, डोळे मिटत, आणि मग निकाल देत. "पथ्य मोडलंस. सुको बांगडो खाल्लंस." रोगी शपथा घ्यायला लागे. "शपथ कसली घेतंस? बांगड्यावांगडा कांदो पण होतो." की रोगी कान धरायचा.

"डोळे फसतत, कान फसतत. नाक फसणा नाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दिवसातून एकदा तरी ते ऐकावं लागे आणि पदर सावरत मान डोलवावी लागे.

अशा नाकाच्या माणसाला घाण सोसत नाही हे मला कळतं. पण मामंजींचं सोवळं आणि त्यांची स्वच्छता यांनी मिळून घरातल्या बायकांच्या नाकी नऊ आणले होते. विहिरीचा दोर धुवायचा. चुलीत घालायची लाकडं फडक्याने पुसून घालायची. आंघोळीचा साबण नवा आणला की आधी तोच पाण्याने धुवायचा, कारण दुकानदाराने तो कसल्या हाताने दिला असेल कोण जाणे. एसटीने कुठे जाऊन आले की घरात शिरण्याआधी आंघोळ, आणि आंघोळीनंतर देवघरात जाऊन तळहातावर गंगाजळ घेऊन त्याचा एक घोट. "गाडयेत कोण कोण घासान जाता," म्हणायचे. सासूबाई एकदा वैतागून म्हणाल्या, "एकदा माकापण धुवन दोरयेर घाला." मामंजी म्हणाले, "गरज पडली तर घालूया." थट्टा करत असते तर सोसलं असतं. ते विचार करून बोलले होते.

आमचे हे मुंबईला गिरणीत होते. चतुर्थीला यायचे, शिमग्याला यायचे, आणि माझी भीड मोडून मी त्यांच्याशी चार शब्द बोलायला लागेपर्यंत परत जायचे. तिथे एका खोलीत पंधराएक माणसं वळकट्या पसरून झोपत, तेव्हा बायकोला न्यायचा प्रश्नच नव्हता. ह्यांना खरं तर गावातच राहायचं होतं, वडिलांच्या हाताखाली औषधं करायची होती. पण गावच्या रोग्यांवर दोन संसार निघाले नसते. निघाले तर मामंजींच्या द्राक्षासवावरच निघतील, असं आम्ही दोघं आपापसात म्हणायचो.

तसं द्राक्षासव मी पुन्हा चाखलं नाही, हे मात्र रागात असले तरी कबूल करते. काळ्या मनुका निवडायच्या, धुवायच्या (धुवायच्या म्हणजे किती ते समजून घ्या), त्यांचा काढा करायचा, त्यात गूळ, आंबवायला धायटीची फुलं, थोडा मसाला. हे सगळं चिनी मातीच्या बरणीत भरून बरणीचं तोंड कापडमातीने लिंपायचं आणि बरणी भाताच्या कोंड्यात पुरून ठेवायची. महिन्याने ती उघडली की माजघरभर असा गोड, आंबूस, उबदार वास सुटायचा की हातातलं काम थांबायचं. दारूबंदीचे दिवस होते. शेजारी एक तांडेल राहायचे, उमेदीत गलबतावर असलेले, आता म्हातारे. बरणी उघडली की त्यांना नेमका अशक्तपणा यायचा. संध्याकाळी पेला घेऊन हजर. मामंजी त्यांना चमच्याने मोजून द्यायचे.

"वैद्यानू, पेलो भरलास तर अशक्तपणा बेगीन जायत."

"अशक्तपणा जायत. पण तू खंय जाशीत, ता माका सांगूक येणा नाय."

एका मे महिन्यात मालवणचे एक गृहस्थ आमच्याकडे आले. मुंबईत गिरगावात त्यांचं औषधांचं दुकान होतं. त्यांनी आसव चाखलं आणि आणखी मागून घेतलं. म्हणाले, पाऊस सरल्यावर नवं भरा, मी दिवाळीला येतो, बाटल्या उघडून बघतो, आणि पसंत पडलं तर दुकानासाठी कायमचं घेतो. जाता जाता म्हणाले, "मगे झिलाक गिरणीत कित्याक ठेवतास? हंयच बोलवा तेका." ते वाक्य मी दाराआडून ऐकलं. तो अख्खा पावसाळा मी त्या एका वाक्यावर काढला.

आणि नेमक्या त्याच पावसाळ्यात मामंजींना ती पावडर सापडली.

आसव बरणीत असेपर्यंत काही भीती नसे. ते बाटलीत भरायचं म्हणजे बाटल्या आल्या, आणि बाटल्यांबरोबर बुचं आली. गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे होता. तिथल्या दारूच्या रिकाम्या बाटल्या आणि त्यांची बुचं सावंतवाडीच्या एका भंगारवाल्याकडून मिळत. खरं बूच ही एका झाडाची साल असते, तसलं झाड आपल्याकडे नाही, म्हणून जुन्यावरच भागवायचं. बाटली काय, राखेने घासली, कढत पाण्याने खळबळली की झाली. पण बूच होतं दारू प्यालेलं. मामंजी ते चिमटीत धरून हुंगायचे आणि त्याने आपल्याला शिवी दिल्यासारखा चेहरा करायचे. "ह्येच्या पोटात पोर्तुगीज बसलो आसा," म्हणायचे. मग तो पोर्तुगीज बाहेर काढायला बूच उकळायचं, वाळवायचं, पुन्हा उकळायचं. तेवढ्यावर थांबले असते तर हे लिहायची वेळ माझ्यावर आली नसती.

पण पटकीची साथ येतेय म्हणून सरकारी माणूस आला आणि आमच्या विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकून गेला. मामंजींनी पावडर हुंगली. ठसका लागला, डोळ्यांना धार लागली. डोळे पुसत म्हणाले, "ह्या खरा औषध." आयुष्यभर शोधत होते ते मिळाल्यासारखा चेहरा झाला होता. ओळखी काढून त्यांनी मालवणहून डबाच आणवला. न्हाणी, दोर, पाट, सगळ्यांना पावडर. आणि अर्थात बुचांना.

बुचं पावडरीच्या पाण्यात भिजत पडायची. पांढरीफटक झाली की माळ्यावर गोणपाट पसरून त्यावर वाळत घालायची. वाळणार कशी? श्रावणातला माळा तो. खालून चुलीची वाफ, वर कौलातून ठिबकणारं पाणी, बाजूला ओल्या नारळांचा ढीग. दोन दिवसांत बुचांवर बुरशी धरायची. मामंजी ती फडक्याने पुसायचे आणि बुचं परत पावडरीत. तिथून परत माळ्यावर. परत बुरशी. सासूबाई म्हणायच्या, एवढ्या पारायणांत माणूस मोक्षाला गेला असता.

माझा मुलगा पुढे रसायनशास्त्र शिकला. त्याला मी हे सांगितलं तर तो डोक्याला हात लावून बसला. त्याचं म्हणणं असं, की नुसती पावडर असती किंवा नुसती बुरशी असती तर एवढं बिघडलं नसतं. पावडरीतलं क्लोरीन बुचाच्या बारीक भोकांत राहतं, ओलीत त्यावर बुरशी वाढते, आणि दोघांचं मिळून असं काही द्रव्य होतं की त्याचा कण जरी बाटलीत उतरला तरी आतला जिन्नस भिजक्या गोणपाटासारखा घाण मारतो. विष नव्हे ते, पण तोंडात धरवत नाही. सगळ्याच बुचांत ते होत नाही, म्हणून एक बाटली छान निघते आणि शेजारची नासलेली. विलायतेत द्राक्षांची दारू करणाऱ्यांच्याही म्हणे या बुचांनी तोंडचं पाणी पळवलं आहे. आणखी एक त्याने सांगितलं. हा वास सतत नाकात जात राहिला तर नाक तो घेईनासं होतं. बाहेरच्याला येतो, घरच्याला येत नाही. आमचा माळा, मामंजींचा पंचा, त्यांची बोटं, सगळ्यांत तो मुरला होता. गावातलं सगळ्यात तिखट नाक त्या एकाच वासाला बधिर झालं होतं, आणि ते नाक फसत नाही अशी त्या नाकाच्या धन्याची खात्री होती. मला कधी तरी ओलसर वास यायचा. पण कोकणात पावसाळ्यात कशाला ओलसर वास येत नाही?

आसव बाटल्यांत भरल्यावर तांडेलांनी एकदा सांगून पाहिलं. बाटलीतला चमचा तोंडात घातला, तोंड वाकडं केलं, म्हणाले, "वैद्यानू, ह्येच्यात गोणपाट उकळलास काय?" मामंजी म्हणाले, "तुझी जीब बिघडली. एरंडेल घे." आणि खरंच दिलं.

दिवाळी आली. हे रजा काढून आले. दुकानदार ठरल्याप्रमाणे आले, ओटीवर बसले. बाटल्या ओळीने मांडलेल्या, तांडेल कडेला साक्षीदार, मी आणि सासूबाई दारामागे. पहिली बाटली उघडली. दुकानदारांनी पेल्यात घेतली, घोट घेतला, आणि डोळे मिटून "वा!" म्हणाले. ह्यांनी हळूच दाराकडे पाहिलं. दुसरी बाटली उघडली. पेला ओठांपर्यंत गेला आणि थांबला. तिथून नाकाशी गेला.

"वैद्यानू, ह्येका कसलो वास येता?"

"द्राक्षांचो."

"नाय ओ. गोणपाटाचो. पावसात भिजलेल्या."

मामंजींनी पेला घेतला, हुंगला, घटाघटा पिऊन टाकला. "काय एक वास नाय."

तिसरी चांगली निघाली. चौथीला दुकानदारांनी बूच काढलं आणि तोंडच फिरवलं.

"एकाच बरणयेतला मां ह्या?"

"एकाच."

"मगे एक बरी, एक वायट कशी?"

कारण सापडल्याशिवाय मामंजी स्वस्थ बसणारे नव्हते. दुकानदार भला माणूस होता. आवाज न चढवता म्हणाले, "गिऱ्हायक अशी बाटली परत घेवन इला तर मी तेका काय सांगू? पुढच्या वर्षाक बघूया." पुढच्या वर्षाक बघूया म्हणजे काय ते आमच्याकडे पोरांनाही कळतं. ते उठले, चहा अर्धा ठेवून गेले.

मामंजींनी पंचांग मागवलं. बोटांची पेरं मोजली. आणि सासूबाईंना हाक मारली.

"बाटलये भरले त्या दिसा सून भायर होती मां?"

बाहेर म्हणजे काय ते बायकांना सांगायला नको. महिन्याचे ते दिवस आम्ही मागच्या पडवीत काढायचो. वेगळी चटई, वेगळं ताट, वेगळा तांब्या. कोणी शिवायचं नाही, आणि आपण कशाला हात लावायचा नाही. लोणच्याला बोट लागलं तर लोणचं नासतं, हे तर घरोघरी पाठ.

"होती," सासूबाई म्हणाल्या. "पण पडवयेतच होती. ती आत येवक नाय."

"मगे बाटलये घासले कोणी?"

"आदल्या दिसा तिनीच घासल्यान."

"आदल्या दिसा!" मामंजींनी पंचांग मिटलं. "झाला. तेचोच विटाळ तो."

माझ्या महिन्याचा हिशोब ओटीवर, नवऱ्यासमोर, शेजारच्या म्हाताऱ्यासमोर, पंचांग उघडून! जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सून म्हणून आल्यापासून मी मामंजींशी कधी समोरासमोर बोलले नव्हते. त्या दिवशी दाराबाहेर आले.

"मामानू, बाटलये घासले तेवा माका काय नाय होता. आणि मगे मी पडवयेतसून हललंय नाय."

"मी खंय म्हणतंय तू मुद्दाम केलंस?" मामंजी अगदी समजुतीने म्हणाले. "चुकान जाता. तेका तू तरी काय करतलंस?"

त्यांच्या मते ही क्षमा होती. न केलेल्या गुन्ह्याची क्षमा मिळाली की माणसाच्या अंगाची कशी लाही होते, ते ज्याला मिळाली त्यालाच कळतं. वर त्यांनी निकालही देऊन टाकला, की घरात तरणी सून असताना यापुढे आसव भरायचं नाही. म्हणजे ह्यांचं गावी येणं संपलं. आणि ते माझ्यामुळे संपलं, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी हे निघाले. मालवणला जाऊन आगबोट पकडायची होती. मी वाटेत खायला पोहे बांधून देत होते. हे जवळ आले, कोणी बघत नाही असं पाहून हळूच म्हणाले, "चुकान बोट लागला नाय मां गो?"

मी फडक्याची गाठ मारली आणि पुरचुंडी त्यांच्या हातात दिली. उत्तर दिलं नाही. बापाचं बोलणं मी गिळलं होतं. हे गिळता आलं नाही. ज्या माणसाची मी सगळा पावसाळा वाट बघितली, त्यालाही मी खरं बोलते की नाही हे विचारावंसं वाटलं. त्यानंतर त्यांची पत्रं आली, ती सासूबाईंनी शेजारच्या पोराकडून वाचून घेतली. मी एकाही पत्राचं उत्तर धाडलं नाही.

थंडीत नांदगावला मामंजींच्या बहिणीच्या नातवाची मुंज निघाली. मामंजी गेले आणि बहिणीने ठेवून घेतलं म्हणून आठ-दहा दिवस राहिले. घराने मोकळा श्वास घेतला. सासूबाईंनी आणि मी साबण न धुता आंघोळी केल्या.

ते परत आले ते नेहमीसारखेच. खळ्यातूनच ओरडले, "पाणी काढा." आंघोळ केली, ओलेत्याने देवघरात गेले. आमच्याकडे कोणी तरी काशीहून आणलेली गंगेची लोटी होती. ती गळायला लागली म्हणून मामंजींनीच त्या पावसाळ्यात गंगाजळ एका बाटलीत ओतलं होतं, आणि आपल्या हाताने धुतलेलं एक बूच तिला घट्ट मारलं होतं. देवघरातल्या त्या फडताळाला त्यांच्याशिवाय कोणी हात लावत नसे. सासूबाईसुद्धा नाही.

मी भाकरी थापत होते. देवघरातून थुंकल्याचा आवाज आला. मामंजी आणि देवघरात थुंकले! सासूबाई हातातली पळी टाकून धावल्या. मी त्यांच्या मागून दारापर्यंत गेले. मामंजी पाटावर बसलेले, एका हातात बाटली, एका हातात बूच, आणि समोर पाणी सांडलेलं.

"ह्या कोणी उघडल्यान?"

"तुमच्याशिवाय कोण उघडतलो?" सासूबाई म्हणाल्या.

"सुनेन?"

"ती देवघराच्या उंबऱ्यार तरी येता काय?"

मामंजींनी बूच नाकाशी नेलं. मग उठले आणि ओलेत्यानेच माळ्याची शिडी चढले. वर ते एकेक बूच हुंगत होते आणि खाली टाकत होते. बुचं शिडीवरून टपटप उड्या मारत माझ्या पायाशी येऊन पडत होती. नांदगावच्या मोकळ्या हवेत त्यांचं नाक ताळ्यावर आलं होतं, हे मला आता कळतं. तेव्हा एवढंच कळलं की मामंजींना वास आला, आणि तो माझा नव्हता.

वाटलं, आता खाली येतील आणि काही तरी म्हणतील. चुकलं नको म्हणू देत, नुसतं "गो सुने" म्हणाले असते तरी चाललं असतं. खाली आले. जेवत नाही म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

सकाळी मी मागचं दार उघडते तो मामंजी पडवीत. माझ्या चटईवर, मांडी घालून. शेजारी माझं ते वेगळं ताट आणि तांब्या.

"मामानू, हंय कित्याक?"

"लांब रव. माका शिवू नको. मी भायरचो जालंय."

सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "लोकां काय म्हणतली? पुरुष माणूस भायर बसलो म्हणान?"

"म्हणांदेत. विटाळ माझो. पोर्तुगीज धुवक गेलंय आणि गंगा बाटवलंय."

लोक म्हणायला आलेच. औषधाला येणाऱ्यांना मामंजी कुंपणाशी उभं करून तिथूनच लक्षणं विचारत. तांडेल तर काठी टेकत मुद्दाम बघायला आले आणि म्हणाले, "वैद्यानू, चवथ्या दिसा न्हाण घालूक येव काय?" मामंजी म्हणाले, "ये. पण पाणी लांबसून वत." सगळा गाव पोट धरून हसत होता आणि मामंजींच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलत नव्हती. आणि मी? मी पाणी नेऊन लांबून ओतत होते, ताट लांबून सरकवत होते, त्यांचं धोतर काठीने उचलून वेगळं धूत होते. प्रायश्चित्त त्यांचं, कंबर माझी. डोक्यावर मिऱ्या वाटायला आणखी काय लागतं?

शेवटच्या दिवशी ताट सरकवलं आणि मी तिथेच उभी राहिले.

"मामानू, ह्या माका कित्याक दाखवतास? माका पयलाच म्हायत होता. जेका म्हायत नाय तेका सांगा."

मामंजींनी भाताचा घास केला, खाल्ला. वर न बघता म्हणाले, "भात आज मऊ जालो."

ताट उचलून विहिरीत टाकावंसं वाटलं. आत गेले आणि चुलीत नको तेवढी लाकडं घातली.

बाहेरचे दिवस संपवून मामंजी आत आले, तेव्हा त्यांनी उरलेली बुचं समुद्राकाठी नेऊन पुरली आणि पावडरीचा डबा दुसऱ्याला देऊन टाकला. आसव पुन्हा करायला लागले, पण बाटली नाही. बरणीतूनच द्यायचं, पेला ज्याचा त्याने आणायचा. तांडेलांचा अशक्तपणा त्यामुळे वाढला. गिरगावच्या दुकानदारांनी मात्र तोवर दुसरीकडून माल घ्यायला सुरुवात केली होती. ते दार बंद झालं ते झालंच.

मग एक दिवस मामंजी "मनुका बघूक" म्हणून मालवणला गेले, आणि संध्याकाळी निरोप आला की वैद्य आगबोटीने मुंबईला गेले. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. एसटीत शेजारी कोणी टेकलं तर पुढची वाट उभ्याने काढणारा हा माणूस बोटीच्या डेकवर, कोंबड्यांच्या आणि सुक्या मासळीच्या टोपल्यांमध्ये बसला कसा असेल? परत आले ते उपाशी, डोळे खोल गेलेले. खळ्यातूनच पाणी मागितलं.

"मनुका खंय?" सासूबाईंनी विचारलं.

"बऱ्यो नाय होत्यो," म्हणाले. विषय संपला.

शिमग्याला हे आले. मी वाढलं, पाणी दिलं, बोलले नाही. दुसऱ्या दिवशी ह्यांनीच मला विहिरीवर गाठलं. म्हणाले, परळला भावकीतल्या एकाच्या खोलीत पडदा लावून अर्धी जागा मिळाली आहे. "तुका न्हेवक इलंय."

"आताच कसा सुचला?" मी विचारलं.

तेव्हा त्यांनी सांगितलं. गिरणीची पाळी सुटून ते खोलीवर आले तर मामंजी चाळीच्या गॅलरीत उभे. आत या म्हटलं तर आले नाहीत, पाणी दिलं ते घेतलं नाही. आत सगळी माणसं जेवायला बसली होती. त्या सगळ्यांच्या देखत मामंजी उंबऱ्याबाहेरून म्हणाले, "आसव माझ्या बुचांनी नासला. तुझ्या बायलेन नाय. ती खरा सांगत होती, मी आयकूक नाय." मग ह्यांच्याकडे बघून म्हणाले, "आणि तूपण आयकूक नाय. ज्या घरात तिचो शब्द कोणी धरूक नाय, थंय तिका एकटी कित्याक ठेवतंस? हंय घेवन ये तिका." आणि जिना उतरून गेले.

हे विहिरीच्या कठड्यावर टेकले. "मी इचारलंय, ता माझा चुकला," म्हणाले.

मी कळशी खाली ठेवली आणि रडले. आणि रडता रडता मला असा काही राग आला म्हणून सांगू! म्हणजे एवढं बोलता येत होतं या माणसाला. उपाशीपोटी समुद्र ओलांडून, खोलीभर परक्या माणसांसमोर सगळं कबूल करता येत होतं. आणि मी रोज समोर ताट ठेवत होते, तेव्हा भात मऊ झाला!

निघायच्या दिवशी सकाळी मामंजी आंघोळ करून, सोवळं नेसून ओटीवर उभे होते. पूजेला बसायची त्यांची वेळ होती. सोवळ्यातल्या माणसाला लांबूनच नमस्कार करतात, आणि मी तर प्रवासाच्या लुगड्यात. सासूबाईंनी मला खूण केली, इथूनच वाक म्हणून. मी सरळ पुढे गेले आणि मामंजींच्या पायांवर डोकं ठेवलं. भक्ती थोडी होती, हट्ट जास्त होता. म्हटलं, घ्या मागे पाय, बघू.

त्यांनी पाय मागे घेतले नाहीत. डोक्यावर ओला हात आला आणि बराच वेळ तिथे राहिला. माझी आसवं त्यांच्या पायांवर पडत होती, ती त्यांना कळत असणार.

"बोटीत खालती बसू नको," ते म्हणाले. "घुसमटतलंस."

मी उठले. ह्यांनी ट्रंक उचलली. आम्ही खळं ओलांडून कुंपणापाशी पोचलो, तोच मागे विहिरीत कळशी बुडाल्याचा आवाज आला. मामंजी दुसऱ्यांदा आंघोळ करत होते.